साक्षी जुळत नाहीत, मग खरे काय?

पुण्याहून सुटलेली रात्रीची पॅसेंजर १३ नोव्हेंबर १९५६ रोजी पहाटे मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसला पोचली, तेव्हा त्या गाडीतली एक बाई बेशुद्ध होती. सोबतच्या डॉक्टरने तिला टॅक्सीत घालून गोकुळदास तेजपाल रुग्णालयात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडच्या जी. टी. हॉस्पिटलात नेले. पावणेसहाच्या सुमारास ती दाखल झाली आणि शुद्धीवर न येताच साडेअकराला वारली. कागदावर तिचे नाव होते ‘इंदुमती पौनशे’. प्रत्यक्षात त्या होत्या पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या सधन विधवा लक्ष्मीबाई ऊर्फ माई कर्वे, माहेरच्या इंदुमती पोंक्षे. सोबतचा डॉक्टर अनंत चिंतामण लागू हा त्यांच्याच घरातला भाडेकरू. त्यांचे औषधपाणी तो बघायचा आणि त्यांच्या व्यवहारातही त्याचा हात होता. प्रेत न्यायला नात्यातले कुणी आले नाही, कारण नात्यातल्या कुणाला काही कळलेच नव्हते. इकडे पुण्यात मात्र विचारणा सुरू झाली: माई गेल्या कुठे? आधी सांगण्यात आले, यात्रेला गेल्या. मग माईंच्या नावाने नातेवाइकांना पत्रे येऊ लागली: मी जोशी नावाच्या गृहस्थांशी लग्न केले आहे, जयपूरजवळच्या राठोडी गावी राहते, मला भेटायला येऊ नका. जी बाई मुंबईत मरून गेली होती, ती पुण्यातल्या लोकांना पत्रांतून आपला नवा संसार कळवत होती. मुंबईतली बेवारस इंदुमती आणि पुण्यातून नाहीशा झालेल्या माई या एकच आहेत, हा धागा जुळायला १९५८ साल उजाडले.

लागूवर खुनाचा खटला चालला, पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने अपील फेटाळले. डॉक्टरांच्या साक्षी एकमेकांशी जुळत नव्हत्या, व्हिसेऱ्यात विष सापडले नव्हते आणि डोळ्यांनी पाहणारा एकही साक्षीदार नव्हता. तरीही शिक्षा झाली. बाई नाहीशी होते आणि पुढे खुनाचा खटला उभा राहतो, तेव्हा बहुतेक वेळा हीच परिस्थिती असते. आपण वर्तमानपत्रात वाचतो, ‘साक्षीदारांच्या जबाबात तफावत’, आणि दोनपैकी एक निष्कर्ष काढतो. एक तर सगळे प्रकरण रचलेले आहे, किंवा साक्षीदार विकले गेले. माझे म्हणणे असे की हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. साक्षी जुळत नाहीत एवढ्यावरून काहीच ठरत नाही. तफावत कोणत्या मुद्द्यावर आहे, ती कुठून आली, तिचा फायदा कुणाला होतो आणि साक्षीदाराच्या तोंडाबाहेरचा कोणता पुरावा तिला तपासू शकतो, हे पाहिल्यावरच तिची किंमत कळते. काही तफावती साक्ष खरी असल्याच्या खुणा असतात, काही खटला मोडून टाकतात आणि काही थेट आरोपीकडेच बोट दाखवतात.

पहिल्या जातीची तफावत कशी जन्माला येते, ते धरणगावसारख्या तालुक्याच्या गावी बसून पाहिले तर चटकन समजते. समजा, एक बाई संध्याकाळी घरातून निघाली ती परतलीच नाही. दोन दिवस नातेवाइकांकडे चौकशी होते, मग पोलीस ठाण्यात मिसिंग दाखल होते. शेजारीण सांगते, ‘दिवे लागायच्या वक्ताला तिला गल्लीच्या तोंडाशी पाहिली, कुणीतरी संगे होते.’ तिने घड्याळ पाहिलेले नसते. पाहायचे कारणच नसते. तिच्या बोलण्यात अहिराणी मिसळलेली असते. लिहून घेणारा हवालदार ठाण्याच्या ठरीव भाषेत उतरवतो: ‘सदर महिला ही १९.०० वाजण्याच्या सुमारास एका अनोळखी इसमासोबत जाताना मला दिसली.’ हा जबाब साक्षीदाराच्या सहीचा नसतो. कायद्यानेच त्यावर सही घ्यायची नसते. तीन-चार वर्षांनी ती शेजारीण सत्र न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभी राहते. उलटतपासणीत वकील विचारतात, सात की साडेसात? इसम अनोळखी होता, मग आज ओळखता कसे? लाईट होती की गेली होती? ती जे सांगते आणि कागदावर जे आहे, त्यात फरक निघतो. हा फरक तिच्या खोटेपणाचा आहे, की एका बोलीतले आणि एका घड्याळाबाहेरचे अनुभव सरकारी साच्यात ओतल्याचा आहे? बहुतेक वेळा दुसराच.

पोलिसांपुढच्या जबाबाला कायद्याने म्हणूनच मर्यादित जागा दिली आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६१ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० खाली घेतलेला हा जबाब स्वतः पुरावा नसतो. बचाव पक्षाला तो साक्षीदाराच्या तोंडची विसंगती दाखवण्यापुरता वापरता येतो आणि तेही तो नेमका भाग साक्षीदारासमोर ठेवून, त्याला उत्तर द्यायची संधी देऊन. जबाबात एखादी गोष्ट राहून गेली, तर ती वगळणूकही विसंगती ठरू शकते; पण ती खरोखर महत्त्वाची असेल तरच. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली भरवाडा भोगीनभाई हिरजीभाई या गुजरातच्या प्रकरणात यामागची कारणे फार समजूतदारपणे मांडली. माणसाची स्मरणशक्ती काही कॅमेऱ्यासारखी नसते. अचानक घडलेल्या प्रसंगात एकाच्या लक्षात एक राहते, दुसऱ्याच्या दुसरे. वेळेचा अंदाज हा अंदाजच असतो. आणि न्यायालयाच्या वातावरणात खरे बोलणारा माणूससुद्धा गोंधळतो. मानसशास्त्रानेही हेच दाखवले आहे. अमेरिकेत १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटारींच्या टकरीचे चित्रण दाखवले आणि वेग विचारला. प्रश्नात गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या असे म्हटले, तेव्हा लोकांनी सरासरी ताशी जवळपास ४१ मैल सांगितले; एकमेकींना लागल्या म्हटले, तेव्हा जवळपास ३२. चित्रण एकच होते, नुसता प्रश्नातला शब्द बदलला. आता विचार करा: आपल्याकडचा साक्षीदार ठाणे अंमलदार, तपास अधिकारी, सरकारी वकील, बचावाचे वकील आणि गावातले शंभर लोक अशा सगळ्यांच्या प्रश्नांतून गेलेला असतो.

यातूनच भारतीय न्यायालयांची एक जुनी भूमिका निघाली आहे. एका बाबतीत खोटा ठरलेला साक्षीदार सगळ्याच बाबतीत खोटा, हा परदेशी नियम आपल्याकडे कायदा म्हणून चालत नाही. १९५७ च्या वडिवेलु थेवर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांच्या तीन जाती सांगितल्या: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वसनीय आणि या दोहोंच्या मधले. पहिल्या दोघांबाबत प्रश्नच नसतो. खरी कसोटी तिसऱ्याची, आणि तिथे न्यायालयाने दुसऱ्या पुराव्याचा आधार शोधायचा असतो. साक्षीदार किती, हे मोजायचे नाही. एक पुरेसा ठरू शकतो आणि दहा अपुरे. खानदेशातल्या जिनिंगमध्ये सरकी निघाली म्हणून कुणी कापूस फेकून देत नाही. रुई वेगळी करणे हेच तर तिथले काम. न्यायाधीशाचेही काम तसेच आहे, फरक एवढाच की त्याला आपण काय ठेवले आणि काय टाकले याची कारणे निकालपत्रात लिहावी लागतात. उलट, दहा साक्षीदार एकाच वाक्यात, एकाच क्रमाने, एकाच मिनिटाची वेळ सांगू लागले, तर अनुभवी न्यायाधीशाचे कान टवकारतात. पढवलेल्या साक्षी जुळतात. खऱ्या साक्षी मुद्द्याला जुळतात आणि तपशिलात थोड्या इकडेतिकडे होतात.

पण मग कोणती तफावत खटला मोडते? बाई नाहीशी झाल्याच्या प्रकरणात सरकार पक्षाला चार गोष्टी, साखळीच्या कड्यांसारख्या, एकामागून एक सिद्ध कराव्या लागतात. ती मेली आहे. तिचा मृत्यू नैसर्गिक किंवा आत्महत्येने नव्हे, तर दुसऱ्याच्या कृत्याने झाला. ते कृत्य आरोपीने केले. आणि या सगळ्याला दुसरे कोणतेही वाजवी स्पष्टीकरण उरत नाही. शेजाऱ्याने सात म्हटले की साडेसात, साडी हिरवी होती की निळी, या तफावती या चारांपैकी कशालाच बहुधा धक्का लावत नाहीत. पण एका साक्षीदाराने तिला आरोपीसोबत शेवटचे पाहिले आणि दुसऱ्याने त्यानंतर दोन दिवसांनी तिला एकटीला एसटीत चढताना पाहिले, तर ती तफावत दुसऱ्या आणि तिसऱ्या कडीवर थेट घाव घालते. ‘शेवटचे एकत्र दिसले’ या पुराव्याला न्यायालये जपून वापरतात ते यामुळेच. एकत्र दिसणे आणि मृत्यू यांच्यात जितका कमी वेळ, तितका तो पुरावा भक्कम. म्हणजे तफावतीचे वजन तिच्या आकारावर नसून तिच्या जागेवर असते. अर्ध्या तासाचा फरक एका खटल्यात क्षुल्लक असतो. दुसऱ्यात, जिथे त्याच अर्ध्या तासात आरोपी वीस किलोमीटरवर होता असे सिद्ध होते, तिथे तो निर्णायक असतो.

लागू खटल्यात तफावत नेमकी अशाच नाजूक जागी होती: मृत्यू कशाने झाला. लक्ष्मीबाईंना मधुमेह होता, क्षयानेही त्यांना गाठले होते. रुग्णालयाच्या कागदावर मृत्यूचे कारण मधुमेहाने आलेली बेशुद्धी असे नोंदले गेले. पण वॉर्डात त्यांना तपासणाऱ्या मानद डॉक्टरांना हे निदान पटलेले नव्हते. शवविच्छेदन करावे असे त्यांचे म्हणणे होते. ते तेव्हा झाले नाही. ते झाले दहा दिवसांनी, २३ नोव्हेंबरला, आणि त्यात विष मिळाले नाही. मधुमेहाच्या बेशुद्धीत लघवीत अॅसिटोन जातीची द्रव्ये उतरतात. त्यामुळे ही तपासणी झाली होती का, कधी झाली आणि केसपेपरवर तिची नोंद कशी आली, यावर न्यायालयात मोठा खल झाला. एक डॉक्टर म्हणत, मधुमेहाची बेशुद्धी असू शकते. दुसरे म्हणत, लक्षणे तशी नाहीत. सामान्य वाचकाला वाटेल, डॉक्टरांतच एकमत नाही म्हटल्यावर संशयाचा फायदा आरोपीला मिळायला हवा होता. बहुमताच्या निकालपत्रात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मात्र डॉक्टर किती या बाजूने आणि किती त्या बाजूने, अशी मोजणी केली नाही. कोणत्या डॉक्टराने काय स्वतः पाहिले, कुणाचे मत दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर उभे होते आणि कुणाच्या सांगण्यात नंतरची भर दिसत होती, हे त्यांनी पाहिले. शवविच्छेदन करणाऱ्याचे मत जर आधीच्या रुग्णालयाच्या निदानावर टेकलेले असेल, तर ते दोन स्वतंत्र साक्षीदार नाहीत. एकाच साक्षीचे दोन आवाज आहेत. हा मुद्दा कोणत्याही खटल्यात लक्षात ठेवण्यासारखा आहे. चार जण एकच गोष्ट सांगतात, पण चौघांनी ती एकाकडूनच ऐकलेली असते, तेव्हा साक्षी चार नसून एकच असते.

यापुढचा टप्पा अधिक बोलका आहे, कारण इथे विसंगत बोलणारा माणूस साक्षीदार नव्हता, आरोपीच होता. रुग्णालयात बाईचे नाव ती ज्या नावाने सर्वांना ठाऊक होती ते न देता माहेरचे, तेही मोडके दिले. पुण्यात सांगितले यात्रेची गोष्ट. नातेवाइकांना पोचली लग्नाची आणि राठोडीची. आणि हे सारे चालू असताना मृत बाईची मालमत्ता हळूहळू आरोपीकडे वळत होती. यातली प्रत्येक गोष्ट दुसरीच्या विरुद्ध होती, पण सगळ्यांचा उपयोग एकच होता: माई मेल्या आहेत हे कुणाला कळू नये. साक्षीदारांच्या तफावतीला कसलीच दिशा नसते. एकाची चूक इकडे जाते, दुसऱ्याची तिकडे. इथल्या तफावतीला मात्र दिशा होती. विषाचा रासायनिक पुरावा मिळाला नाही, पण स्वतः डॉक्टर असलेला माणूस सहज न सापडणारे विष निवडू शकतो. म्हणून केवळ विष सापडले नाही या एका कारणावर सुटका होऊ शकत नाही, असे बहुमताने ठरवले.

या निकालावरचा सर्वांत गंभीर आक्षेप बाहेरून आलेला नाही. तो त्याच निकालपत्रात आहे. न्यायमूर्ती सरकार यांनी वेगळे मत नोंदवले. मृत्यू विषानेच झाला हे सिद्ध झालेले नाही, असे त्यांना वाटले. लागूने बाईच्या मृत्यूचा फायदा उठवला, खोटी पत्रे लिहिली, पैसा लुबाडला हे मान्य केले, तरी तो लोभी होता एवढेच त्यातून निघते. नैसर्गिक मृत्यूनंतर संधी साधणारा लबाडही अगदी असाच वागू शकतो. हा आक्षेप हलक्याने झटकण्यासारखा नाही. पुण्याच्याच दुसऱ्या एका प्रकरणात, शरद बिरधीचंद सारडा खटल्यात, १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सायनाइडने झालेल्या विवाहितेच्या मृत्यूत नवऱ्याची फाशी रद्द करून त्याला मुक्त केले आणि परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रे घालून दिली. त्यांचा गाभा असा: प्रत्येक परिस्थिती पक्की सिद्ध झाली पाहिजे, सगळ्या मिळून फक्त आरोपीच्या दोषाकडेच गेल्या पाहिजेत आणि निर्दोष असण्याचे कोणतेही वाजवी गृहीतक उरता कामा नये. आरोपी खोटे बोलला हे साखळीतल्या न मिळणाऱ्या कडीची जागा घेऊ शकत नाही. साखळी आधी पूर्ण हवी, मग खोटेपणा तिला बळकटी देतो. या कसोटीवर लागूचा निकाल टिकतो का? मला वाटते, टिकतो, पण निसटता. टिकतो तो आरोपीची खोटी गोष्ट मृत्यूनंतर सुरू झाली नाही म्हणून. बाई अजून जिवंत असताना, पहाटेच्या वेळी, रुग्णालयाच्या दारातच नावापासून तिची सुरुवात झाली होती. ज्याच्या मनात संधी साधण्याचा विचार मृत्यूनंतर आला, त्याला मृत्यूपूर्वी ओळख लपवायचे कारण नसते. तरीही सरकार यांचे मत निकालपत्रात आहे हे बरेच झाले. खोटेपणा आणि खून यांच्यातले अंतर न्यायालयाने दरवेळी मोजायला हवे, याची ते आठवण देते.

साठ वर्षांनी पत्राची जागा मोबाइलने घेतली. नवी मुंबईच्या सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे एप्रिल २०१६ मध्ये नाहीशा झाल्या. आरोपी खुद्द पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर. मृतदेह कधीच सापडला नाही; तुकडे करून खाडीत टाकल्याचे सरकार पक्षाचे म्हणणे होते. त्या जिवंत आहेत असे भासवणारे संदेश त्यांच्याच फोनवरून गेल्याचा मुद्दाही खटल्यात आला. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या न्यायालयाने कुरुंदकरला जन्मठेप दिली, पुरावा नाहीसा करायला मदत करणाऱ्या दोघांना कमी शिक्षा दिली आणि एका आरोपीला सोडून दिले. शेवटची गोष्ट कमी महत्त्वाची नाही. एकाच खटल्यात, एकाच पुराव्यातून, काही जणांवरचा भाग स्वीकारला जातो आणि दुसऱ्यावरचा नाकारला जातो. साक्ष सबंध घ्यायची किंवा सबंध टाकायची असा प्रकार नसतो, याचे ते ताजे उदाहरण. याउलट शीना बोरा प्रकरण वर्षानुवर्षे चालत राहिले. ती २४ एप्रिल २०१२ नंतर दिसली नाही, मे महिन्यात पेणजवळ अवशेष सापडले, पण खुनाचा गुन्हा उघडा पडला २०१५ मध्ये, वाहनचालकाच्या सांगण्यावरून. तो पुढे माफीचा साक्षीदार झाला. बचाव पक्षाने शीना जिवंत असल्याचे, कुणाला तरी दिसल्याचे मुद्दे आणले. अशा खटल्यात बाहेरून निकाल देणे गैर. मात्र पद्धत सांगता येते. माफीचा साक्षीदार गुन्ह्यात स्वतः सामील होता असे सांगत असतो, म्हणून त्याच्या शब्दाला स्वतंत्र आधार हवा. ‘मी तिला पाहिले’ या शब्दाचीही तीच गोष्ट. त्यामागे तिकीट, चित्रण, व्यवहार अशी तपासता येणारी खूण हवी.

आता सर्वांत मोठा आक्षेप. ‘मेलेल्या’ बायका जिवंत परत आलेल्या आहेत. वृंदावनात २०१५ साली एका विवाहितेच्या खुनाचा गुन्हा नोंदला गेला, नवरा आणि त्याचा मित्र तुरुंगात गेले. २०२२ मध्ये ती बाई राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात संसार करताना सापडली. कर्नाटकातल्या कोडगू भागातल्या एका माणसाने बायकोच्या खुनाच्या आरोपात तुरुंगवास भोगला आणि एप्रिल २०२५ मध्ये ती मडिकेरीत चालतीबोलती दिसली. इंग्लंडात १६६० साली विल्यम हॅरिसन नावाचा एक कारभारी नाहीसा झाला. त्याच्या नोकराने स्वतःच्या आईला आणि भावाला गुंतवणारी कबुली दिली, तिघेही फासावर गेले आणि १६६२ मध्ये हॅरिसन घरी परतला. मग तफावती पोटात घालून शिक्षा देणे धोक्याचे नाही का? प्रश्न रास्त आहे, पण या तिन्ही उदाहरणांत गडबड कुठे झाली ते नीट पाहा. पहिल्या दोन्हीत दुसऱ्याच कुणाचे तरी अवशेष त्या बाईचे म्हणून धरले गेले. तिसऱ्यात तर अवशेषच नव्हते, नुसती एक कबुली होती. साक्षी न जुळल्याने ही माणसे अडकली नाहीत. गोष्ट फार लवकर, फार नीट जुळवली गेली आणि न जुळणाऱ्या गोष्टींकडे कुणी वळून पाहिले नाही, म्हणून ती अडकली. आपल्याकडे मृतदेह मिळालाच पाहिजे असा कायदा नाही. १९८१ च्या रामानंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. पण त्याची दुसरी बाजू तितकीच पक्की असायला हवी. साखळीतली पहिली कडी, म्हणजे ती बाई मेली आहे ही गोष्ट, केवळ ओळखणाऱ्याच्या नजरेवर किंवा कबुलीवर सोडू नये. डीएनए, दातांच्या नोंदी, रक्ताचे डाग, बँक व्यवहार आणि मोबाइल अचानक बंद पडणे यांसारख्या खुणा तिथे हव्यातच. उरलेल्या कड्यांवरच्या साक्षींत तपशिलाची थोडी तफावत चालू शकते. पहिल्या कडीवर अजिबात नाही.

दुसरा आक्षेप वकीलवर्ग नेहमी घेतो: न्यायालये तफावतींकडे असे सहानुभूतीने पाहू लागली, तर पोलीस निष्काळजी होतील, वाटेल तसे जबाब लिहितील आणि नंतर ‘मानवी स्मरणशक्ती’ म्हणून मोकळे होतील. यातही तथ्य आहे. म्हणून सूट साक्षीदाराला असावी, तपासाला नव्हे. शेजारणीला वेळ नीट आठवली नाही हे समजून घेता येते; पंचनाम्यातल्या पंचाला आपण कुठे सही केली हे सांगता येत नाही, मुद्देमालाचे पाकीट मधल्या काळात कुणाकडे होते याची नोंद नाही, हे समजून घेण्यासारखे नाही. त्यावर उपाय कायद्यात आहेत, फक्त ते वापरले पाहिजेत. जबाबाचे ध्वनिचित्रमुद्रण करता येते. ते झाले, तर शेजारीण ‘दिवे लागायच्या वेळी’ म्हणाली की ‘सात वाजता’, हा वादच मिटतो. महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्यापुढे नव्या संहितेच्या कलम १८३ खाली लवकर नोंदवता येतो. साक्षीदार फितूर होतो, तेव्हाही त्याची सगळी साक्ष पुसली जात नाही. जिथे आधार मिळतो तेवढा भाग न्यायालय घेऊ शकते. पण तो फितूर का झाला, हे विचारले पाहिजे. गावात आरोपीच्याच गल्लीत राहायचे, त्याच्याच शेताच्या बांधावरून जायचे, आणि त्याच्याविरुद्ध बोलायचे हे सोपे नाही. महाराष्ट्राने साक्षीदारांच्या संरक्षणासाठी २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा केला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. तालुक्याच्या पातळीवर ते संरक्षण साक्षीदाराच्या दारापर्यंत पोचले, तरच त्याचा उपयोग.

शेवटी उरतो वेळ. खटला जितका लांबतो, तितक्या तफावती वाढतात आणि त्या वाढलेल्या तफावतींचा फायदा नेहमी एकाच बाजूला होतो असेही नाही. निर्दोष माणसाच्या बाजूने बोलणारा साक्षीदारही विसरतो. त्या रात्री तो आमच्याकडे होता हे सांगणारा म्हातारा साक्षीला येईपर्यंत जगत नाही. धरणगावच्या गुन्ह्याचे अपील छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात पोचेपर्यंत कागद उरतात, माणसे बदललेली असतात. विसंगतीची खरी गिरणी तिथे आहे, साक्षीदाराच्या हेतूत नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या नाहीशा झालेल्या बाईच्या खटल्यात साक्षी उलटसुलट निघाल्याची बातमी वाचली, तर खटला बुडाला किंवा कुणीतरी विकले गेले असे ठरवण्याआधी थांबावे. तफावत ती मेली की नाही, कशाने मेली आणि कुणामुळे मेली यांपैकी कशावर आहे, की फक्त वेळेवर आणि रंगावर आहे, हे पाहावे. ती साक्षीदाराच्या विस्मरणातून आली की लिहिणाऱ्याच्या लेखणीतून, ते विचारावे. आणि सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते नाहीशा झालेल्या बाईच्या वतीने बोलणाऱ्याकडे. लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्र लिहिणारा होता, अश्विनी बिद्रेंच्या फोनवरून संदेश गेल्याचा मुद्दा खटल्यात होता. साक्षीदार चुकतो तेव्हा तो आपल्या आठवणीविषयी चुकतो. पण जी आता बोलू शकत नाही तिच्या तोंडी जो शब्द घालतो, त्याला आपण काय करतो आहोत हे पक्के ठाऊक असते. न्यायालयाने पहिल्याला समजून घ्यावे आणि दुसऱ्याला सोडू नये. त्या दोघांत फरक करता येणे हीच चांगल्या निकालाची ओळख आहे.